भजनाची वही पीडीएफमध्ये उतरवताना: अक्षर रेघेवर की रेघेखाली?

पेटीवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि प्रश्न नुसता तांत्रिक नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या गावच्या (वाई तालुका) भजनी मंडळाची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, एकरेघी. माझे वडील, अण्णा, ती १९८६ पासून लिहीत आलेत. काकड्याचे अभंग, गौळणी, दोन-तीन भारुडं आणि समासात लाल शाईने चाली. आता शिवणीपाशी पानं सुटायला लागली आहेत. पहिल्या काही पानांचे कोपरे बोटांनी इतके झिजलेत की तिथली अक्षरं ज्याला पाठ आहेत त्यालाच दिसतात.

गेल्या दिवाळीपासून बसून मी सगळं युनिकोडमध्ये टाइप केलं. ए-फोर पान, नीट मथळे, अनुक्रमणिका, मुद्रितशोधनही दोनदा. टॅबवर अण्णांना दाखवलं. ते बराच वेळ पानं सरकवत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे गं सगळं. पण सापडत नाही."

आधी मला कळेना, अनुक्रमणिका आहे, शोधायची सोय आहे, मग सापडत का नाही? पुढच्या एकादशीला देवळात लक्ष देऊन बसले तेव्हा उलगडलं. कुणी म्हणालं, ती गौळण घ्या. पखवाजवाले काका लगेच म्हणाले, "डाव्या पानावर, खाली, चहाच्या डागाच्या वर." अनुक्रमांक कुणालाच माहीत नाही. त्यांच्या डोक्यात अभंगाचा पत्ता म्हणजे पानावरची जागा. माझ्या फाइलीत मजकूर आपोआप पुढे वाहत गेला आणि सगळ्यांचे पत्ते बदलले.

म्हणून आता ठरवलंय, वहीसारखीच फाइल करायची. लिब्रेऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) प्रयत्न केला. मागे जुन्या पिवळ्या कागदाचा फोटो, त्यावर निळ्या रेघा, 'कलम' फाँट. पान दिसतं छान, पण वही वाटत नाही, निमंत्रणपत्रिका वाटते. पहिल्या दोन ओळी रेघेला धरून असतात, पान संपेपर्यंत मजकूर अर्धी ओळ घसरलेला असतो. आणि आणखी काहीतरी खटकतंय ते मला नेमकं सांगता येत नाही. अक्षरं परकी वाटतात.

कुणी असं काही केलं आहे का?

---

कोडकरी

ताई, घसरण्याचं कारण आधी सांगतो, ते सोपं आहे. तुम्ही ओळींचं अंतर 'दीडपट' असं काहीतरी दिलं असणार. पटीत दिलेलं अंतर फाँटच्या स्वतःच्या उंचीवर ठरतं आणि ते तुमच्या रेघांशी कधीच तंतोतंत जुळत नाही. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये अंतर 'फिक्स्ड' करा आणि थेट मिलिमीटर द्या. वहीच्या दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजा, तोच आकडा. (एकाच जागी मोजू नका. दहा ओळी मोजून दहाने भागा, चूक कमी होते.)

वर्डमध्ये यालाच 'एक्झॅक्टली' म्हणतात आणि तिथे पॉइंट लागतात. ८ मिमी म्हणजे २२.६८ पॉइंट. २२.७ टाकलं तरी वीस-एकवीस ओळींत फरक अर्धा पॉइंटही पडत नाही. गूगल डॉक्समध्ये अंतर पटीतच मिळतं, त्यामुळे या कामासाठी ते सोडून द्या.

दुसरी गोष्ट. परिच्छेदाच्या आधी आणि नंतर जागा शून्य ठेवा. दोन अभंगांत अंतर हवं असेल तर एक पूर्ण ओळ रिकामी सोडा. वहीत अर्धी ओळ सोडता येत नाही ना, इथेही सोडायची नाही.

रेघांचं चित्र पानाच्या हेडरमध्ये (वरच्या पट्टीत) टाकून मजकुरामागे ढकला. मग ते प्रत्येक पानावर आपोआप येतं आणि वरून किती अंतरावर हवं तेही आकड्यात देता येतं.

---

निवृत्त मास्तर

पेटीवाली ताई, तुम्हाला जे खटकतंय ते मी सांगतो. तुमची अक्षरं रेघेवर उभी आहेत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. इंग्रजीला चौरेघी वही, मराठीला दुरेघी, मग एकरेघी. इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं, त्याची शेपटी तेवढी खाली उतरते. आपलं अक्षर रेघेला टांगलेलं असतं. वरची रेघ हा त्याचा आधार. शिरोरेघ त्या रेघेला लागून, कणभर खाली, आणि अक्षर तिच्याखाली लोंबतं. वर जातो तो इकार, मात्रा, रफार, अनुस्वार. मोठेपणी अनेक जण दोन रेघांच्या मधोमध लिहितात हे खरं. पण अण्णांच्या पिढीने पाटीवर रेघ ओढूनच अक्षर गिरवलेलं आहे. वही उघडून बघा, त्यांचं अक्षर बहुतेक वरच्या रेघेलाच टेकलेलं असेल.

संगणकातला हिशेब अक्षराच्या तळापासून चालतो. म्हणून रेघ तळाशी आली आणि सगळं इंग्रजी वहीत मराठी लिहिल्यासारखं दिसायला लागलं.

---

पेटीवाली

मास्तर, आत्ता वही उघडून बघितली. अगदी तसंच आहे! एकूण एक अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं. मी इतके महिने त्या वहीवरून टाइप केलं आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मापंही घेतली. पान १७ सेमी रुंद, २१ सेमी उंच. दोन रेघांत ८ मिमी. वर २५ मिमी मोकळं, मग २१ ओळी. समासाची लाल रेघ डावीकडून ३ सेमीवर, दोन्ही पानांवर डावीकडेच.

---

कोडकरी

मास्तरांना दंडवत. मी या बाजूने विचारच केला नव्हता.

उपाय मात्र अवघड नाही. ओळींचं अंतर पक्कं असलं की तळापासून तळापर्यंत जेवढं, शिरोरेघेपासून शिरोरेघेपर्यंतही तेवढंच. म्हणजे मजकूर हलवायचा नाही, रेघांचं चित्र वर सरकवायचं. एक पान छापा, पहिल्या ओळीची शिरोरेघ रेघेपासून किती दूर आहे ते मोजा, आणि हेडरमधलं चित्र तेवढंच सरकवा. एकदा जमलं की सगळ्या पानांवर जमतं.

अट एकच. फाँट एक आणि आकार एक. वेगवेगळ्या आकारांची अक्षरं सॉफ्टवेअर तळाशी जुळवतं, त्यामुळे मथळा मोठा केला की त्याची शिरोरेघ रेघ ओलांडून वर जाते.

वेबपानावर कुणाला हेच करायचं असेल तर रेघा सीएसएसच्या (वेबपानाची मांडणी ठरवणारी भाषा) रिपीटिंग लिनिअर ग्रेडियंटने काढता येतात, त्यातलं दोन रेघांमधलं अंतर आणि लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, सारखीच ठेवायची. लिहायच्या चौकटीत मजकूर वर-खाली सरकवताना रेघा जागीच राहतात आणि शब्द त्यांच्यावरून घसरत जातात. तिथे बॅकग्राउंड-अटॅचमेंट 'लोकल' केलं की रेघा मजकुराबरोबर सरकतात. कॅनव्हासवर (वेबपानातली चित्र काढायची चौकट) लिहीत असाल तर टेक्स्ट-बेसलाइनला 'हँगिंग' अशी किंमतच आहे, आपल्यासारख्या टांगलेल्या लिप्यांसाठी.

---

बोरू

मास्तरांच्या मुद्द्याला जोड देतो. मोडी शिकतो आहे, म्हणून राहवलं नाही.

मोडी लिहिणारे कारकून कोऱ्या कागदावर आधी डावीकडून उजवीकडे अख्खी रेघ ओढत आणि मग तिला अक्षरं टांगत जात. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची पद्धत नव्हती, बोरूही शक्यतो उचलायचा नाही. जुन्या कागदांत अक्षर पुढे संपतं आणि रेघ तशीच कडेपर्यंत गेलेली दिसते. म्हणजे छापील आखीव वही येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे आखीव पान होतंच, आणि आखलेली रेघ हीच शिरोरेघ होती. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) असे कागद बघायला मिळाले, तेव्हा माझं सगळ्यात जास्त लक्ष या रेघांकडेच गेलं. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० या आवृत्तीत जागा मिळाली, आणि मला आजही वाटतं की मोडीचं पान संगणकावर नीट मांडायचं तर आधी रेघ आणि मग अक्षर असाच क्रम हवा.

आणखी एक विचारतो. अण्णांनी खोडलेल्या जागांचं काय केलंत? पोथ्यांमध्ये चुकलेल्या अक्षरावर हरताळ, म्हणजे पिवळा रंग, लावून ते झाकत. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. माझा आग्रह आहे की खोडलेलं खोडलेलंच दाखवा. तो त्या वहीचा भाग आहे.

---

निळी_शाई

फाँटबद्दल. 'कलम' चांगला आहे, पण हस्ताक्षराच्या कुठल्याही फाँटची एक अडचण असते. हाताने लिहिलेले दोन 'अ' कधी सारखे नसतात, फाँटमधले सगळे 'अ' सारखे असतात. एका ओळीत तीनदा 'विठ्ठल' आला की तिन्ही एकाच साच्यातले, आणि डोळ्याला लगेच कळतं. निमंत्रणपत्रिकेचा भास तिथून येतो.

साधा, वाचायला मोकळा फाँट घ्या. 'मुक्त' किंवा 'टिरो देवनागरी मराठी' बघा. दुसऱ्यात ल आणि श मराठी वळणाचे आपोआप येतात. इतर फाँट वापरलात तर मजकुराची भाषा मराठी अशी नेमून द्या, ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे अक्षरं बदलतात. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला र नीट येतोय ना तेही तपासा, काही फाँटमध्ये तो रफार होऊन बसतो.

पिवळ्या कागदाचा फोटो काढून टाका. फोटोतले डाग प्रत्येक पानावर त्याच जागी येतात, आणि आमच्या वहीचा डाग हा नव्हे हे वाचणाऱ्याला कळतं. एकसंध, किंचित पिवळसर पांढरा रंग पुरे. रेघा फिकट निळ्या. अक्षर काळंभोर नको, निळं-काळं ठेवा. चाली लाल, जशा वहीत आहेत तशा. वहीत एकच पेन असतं आणि अक्षराचा आकारही एकच असतो. ठळक करायचं तर माणूस अधोरेखित करतो नाहीतर चौकट काढतो. तुम्हीही तेच करा, म्हणजे कोडकरींची अटही पाळली जाईल.

---

गोंदण

मी वेगळं बोलते, राग मानू नका. इतकं सगळं कशासाठी? वही स्कॅन करा. डाग, खाडाखोड, अण्णांचं अक्षर, सगळं येईल. टाइप केलेल्या पानाला कितीही रेघा मारल्या तरी ती अण्णांची वही होणार आहे का? माझ्या आजीचं एक पत्र आम्ही टाइप करून चौकटीत लावलं आणि मूळ पत्र घर बदलताना हरवलं. आता ते टाइप केलेलं वाचवत नाही मला.

---

पेटीवाली

गोंदण, राग कसला. तुमचं वाचून उठले आणि वही कपाटातून काढून सुती कापडात गुंडाळून ठेवली.

स्कॅन सगळ्यात आधी केलंय, ३०० डीपीआयने, रंगीत, पुठ्ठ्यापासून शेवटच्या पानापर्यंत. ते तसंच राहणार आहे. पण देवळात ते चालत नाही. फिकट झालेली शाई टॅबवर आणखी फिकट दिसते. मंडळात आता चार तरुण मुलं आली आहेत, त्यांना अण्णांचं जोडाक्षर लागत नाही, एक शब्द चुकीचा म्हटला जातो आणि तोच पुढे रूढ होतो. मला ते फार लागतं. म्हणून टाइप केलेली प्रत हवी. पण ती अशी हवी की पखवाजवाले काका म्हणतील "डाव्या पानावर खाली", आणि मुलाला ती डाव्या पानावर खालीच सापडेल.

बोरू, खोडलेलं तसंच ठेवते. सतरा जागा आहेत. एका ठिकाणी अण्णांनी अख्खं कडवं खोडून समासात "हे नको" असं लिहिलंय. का ते त्यांना आता आठवत नाही.

---

कोडकरी

मग दोन गोष्टी अजून महत्त्वाच्या, आणि यात रंग-रेघांपेक्षा जास्त अर्थ आहे.

एक, पान फुटण्याची जागा. प्रत्येक वहीपानाच्या शेवटी स्वतः पेज ब्रेक द्या. ओळही जिथे वहीत संपते तिथेच तोडा. मजकूर आपोआप वाहायला नको.

दोन, डावं-उजवं. वहीचं पहिलं पान उजवीकडे असतं. पीडीएफ दोन पानं शेजारी ठेवून उघडलं की बहुतेक वेळा १ आणि २ ची जोडी लागते आणि अख्खी वही उलटी होते. पीडीएफ वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मुखपृष्ठ वेगळं दाखवा' असा पर्याय असतो, तो लावायचा. सगळ्यांना ते जमणार नाही, म्हणून मी फाइलीच्या सुरुवातीला पुठ्ठ्याचं एक पान घालून आतल्या पानावर डावं की उजवं याची खूण करेन. रायटरमध्ये पेज स्टाइल 'राइट अँड लेफ्ट' ठेवा, हेडरमध्ये 'डाव्या-उजव्या पानांवर तोच मजकूर' यापुढची खूण काढून टाका, आणि दोन वेगळी चित्रं ठेवा. डाव्या पानाची उजवी कड हलकी गडद, उजव्या पानाची डावी कड गडद. वहीची शिवण असते तिथे सावली पडते ना, तशी. मग एकच पान उघडलं असलं तरी डोळ्याला कळतं आपण कुठल्या बाजूला आहोत.

---

निवृत्त मास्तर

ही सावलीची युक्ती फार आवडली. मुलांच्या कार्यपत्रिकांना वापरीन.

---

गोंदण

आता पटलं. एक सुचवू? प्रत्येक टाइप केलेल्या पानावर कोपऱ्यात बोट ठेवलं की त्याच पानाचं स्कॅन उघडेल असा दुवा द्या. शब्दाबद्दल वाद झाला तर अण्णांचं अक्षर समोर.

---

निळी_शाई

छापणार असाल तर पिवळसर रंग बंद करा, कागदाचा रंग कागदालाच असू दे. फिकट निळी रेघ लेझर प्रिंटरवर ठिपक्याठिपक्यांची, तुटक येते. छापायच्या प्रतीत रेघ गडद आणि बारीक ठेवा. बाजारातल्या आखीव कागदावर नुसता मजकूर छापायचा विचार आला तर करू नका. मी करून बघितलाय. प्रिंटर प्रत्येक कागद एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे ओढतो आणि तुम्ही जुळवलेलं सगळं वाया जातं.

फोनबद्दलही. तुमचं १७ सेमीचं पान फोनच्या ७ सेमी रुंदीत बसवलं तर ८ मिमीची ओळ सव्वातीन मिमीची होते. वयस्कर माणसाला अशक्य. फोन आडवा धरला तर ती सात मिमीच्या आसपास जाते, पण अर्ध्याहून कमी पान दिसतं. टॅबच बरा.

---

पेटीवाली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशीर झाला. काल एकादशी होती.

सगळ्यांनी सांगितलं तसं केलं. 'मुक्त' घेतला, एकच आकार. रेघा वर सरकवल्या. पहिल्यांदा सरकवल्या तेव्हा शिरोरेघ आणि निळी रेघ एकमेकींवर आल्या आणि अक्षराचं डोकं जाड, मळकट दिसायला लागलं. मास्तर म्हणाले होते 'कणभर खाली', तो कण अर्धा मिलिमीटर निघाला. तेवढं केल्याबरोबर पान एकदम वहीचं झालं. घरात मी एकटीच होते, तरी मोठ्याने "अण्णा!" म्हणाले.

एका जागी अडचण आली. 'ट्ठ', 'द्व' अशी खाली वाढणारी जोडाक्षरं आणि खालच्या ओळीतला इकार-रफार एकमेकांना भिडत होते. अक्षराचा आकार एक पॉइंट कमी केला तेव्हा सुटलं. गोंदण, दुवे दिलेत, सगळ्या पानांना. आणि चहाचा डाग स्कॅनमधून कापून त्याच्या खऱ्या जागी ठेवलाय, फक्त त्या एका पानावर.

काल टॅब पखवाजवाल्या काकांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला नाही. पानं सरकवत गेले, डाग दिसला तिथे थांबले आणि थाप दिली. पेटीवर सूर धरायला मला क्षणभर उशीर झाला.

वीणेकरी तात्यांनी मात्र कागदाचीच वही मागितली. म्हणाले, "पान उलटताना वारा लागतो, तेवढा श्वास घेतो मी." त्यांच्यासाठी एक प्रत छापून शिवून घेणार आहे. दोरा-सुईने शिवणारे एक गृहस्थ वाईत आहेत असं कळलंय.

आता शेवटचा प्रश्न. वहीत शेवटी अकरा पानं कोरी आहेत. त्याच्या आधीच्या पानावर मंडळातल्या गेलेल्या माणसांची नावं आणि तिथ्या आहेत, ती मी जशीच्या तशी घेतली. ही कोरी पानं फाइलीत घ्यायची का?

---

कोडकरी

घ्या. रेघांसकट. टॅबला पेन असेल तर पीडीएफवर हाताने लिहिता येतं.

---

बोरू

अकराच्या अकरा घ्या. समासाच्या लाल रेघेसकट.

---

पेटीवाली

घेतली. अण्णांना दाखवली तर म्हणाले, पेन दे. थरथरत्या हाताने पहिल्या कोऱ्या पानावर वर मधोमध 'श्री' काढला, दोनदा पुसला, तिसऱ्यांदा मनासारखा आला. वरच्या रेघेला टांगलेला.